कृत्रिम बुद्धिमत्ता आणि संगीत : पीएच.डी.चा अर्ज कसा करावा?

बीड जिल्ह्यातील युवक-युवती, पालक आणि धर्मग्रामातील मार्गदर्शकांसाठी

आपल्या गायकवृंदात पेटी, तबला अथवा कीबोर्ड वाजवणारी अनेक मुले-मुली आठवड्याचे इतर दिवस संगणकशास्त्र किंवा अभियांत्रिकी शिकत असतात. संगीत हा छंद आणि संगणक हे उपजीविकेचे साधन, अशी वाटणी घरी कधीच होऊन गेलेली असते. या दोन्ही गोष्टी एकत्र शिकता येतात, त्यांत पीएच.डी. करता येते, आणि योग्य ठिकाणी प्रवेश मिळाल्यास त्यासाठी पैसे भरावे लागण्याऐवजी विद्यावेतन मिळते, ही माहिती मात्र आपल्याकडे फार थोड्यांपर्यंत पोहोचली आहे. ती सोप्या शब्दांत देण्याचा प्रयत्न आम्ही या लेखात करीत आहोत. अर्जात काय लिहावे, तो कुठे करावा, खर्चाची सोय कशी करावी आणि कोणते दाखले केव्हा काढावेत, एवढेच आम्हांस येथे सांगावयाचे आहे.

हा विषय आहे तरी काय?

संगणकाला गाणे ऐकू येत नाही, त्याला फक्त आकडे कळतात. सीडीवरील ध्वनिमुद्रणात दर सेकंदाला ४४,१०० आकडे नोंदलेले असतात. त्या आकड्यांवरून कोणत्या क्षणी कोणता स्वर लागला, ताल कोठे पडला, गाणारा आवाज कोणता आणि साथीचे वाद्य कोणते, हे शोधून काढण्याच्या पद्धती गेल्या काही दशकांत विकसित झाल्या. अलीकडे यासाठी यंत्राला नियम शिकवण्याऐवजी हजारो नमुने ऐकवले जातात व नियम त्याने स्वतः शोधावेत अशी योजना केली जाते. यालाच आपण कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतो. गाणे ओळखणे, मोठ्या संग्रहातून हवी ती चाल शोधणे, विद्यार्थ्याचा स्वर कोठे चुकला हे दाखवणे, जुने खराब झालेले ध्वनिमुद्रण स्वच्छ करणे आणि नवे संगीत तयार करणे, अशी अनेक कामे या क्षेत्रात येतात. या विषयाच्या संशोधकांची ‘इस्मिर’ नावाची आंतरराष्ट्रीय परिषद २००० सालापासून भरते. डिसेंबर २०२२ मध्ये ती आपल्या देशात, बेंगळुरू येथे भरली होती.

हे सारे पाश्चात्त्यांचे आहे, असा समज होण्याचे कारण नाही. १९८० च्या दशकात फ्रेंच संगणकतज्ज्ञ बर्नार्ड बेल आणि ब्रिटिश संगीत-अभ्यासक जेम्स किपेन यांनी लखनौ घराण्याच्या तबल्यावर ‘बोल प्रोसेसर’ नावाची संगणकप्रणाली तयार केली. संगणक कायद्याचे नवे पलटे सुचवी, उस्ताद ते ऐकून योग्य की अयोग्य हे सांगत, आणि त्या निवाड्यावरून संगणकातील नियम सुधारले जात. यंत्राने गुरूसमोर बसून शिकावे, अशी ही रचना होती. बेल यांचा १९९० सालचा फ्रान्समधील प्रबंधही संगीतातील ज्ञान यंत्राने कसे मिळवावे व कसे मांडावे याच विषयावर होता.

माजलगावच्या ओव्या

याच बर्नार्ड बेल यांचे नाव पुढे आपल्या जिल्ह्याशी जोडले गेले. पुण्यात गी पॉइटव्हॅं आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातील खेड्याखेड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे मोठे काम उभे केले. एक हजारांहून अधिक गावांतील स्त्रियांकडून एक लाखाहून अधिक ओव्या त्यात लिहून घेतल्या गेल्या. बेल यांनी त्यांची संगणकीय सूची बांधण्यास हातभार लावला आणि हजारो ओव्यांचे ध्वनिमुद्रणही झाले. १९९६ मध्ये माजलगावच्या भीमनगर वस्तीतील स्त्रियांनी गायलेल्या ओव्या या संग्रहात आहेत. त्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर व भगवान बुद्ध यांच्यावरील ओव्यांचा मोठा भाग आहे. हा संग्रह पुढे ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संकेतस्थळाकडे सोपवण्यात आला. तेथे या ओव्या आज कोणालाही ऐकता येतात.

ओवी आपल्याला परकी नाही. अंबाजोगाईच्या मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ ओवीत आहे आणि फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये प्रसिद्ध केलेले ‘क्रिस्तपुराण’ही सुमारे अकरा हजार ओव्यांचे आहे. ग्रंथातील ओवी पानावर टिकली. जात्यावरची ओवी मात्र जात्याबरोबर चालली. घरोघरी दळण गिरणीतून येऊ लागले आणि पहाटे जात्यावर बसून गाण्याचा प्रसंगच उरला नाही. ज्यांना त्या चाली येतात त्या स्त्रिया आता वृद्ध झाल्या आहेत. त्यांच्यानंतर त्या चाली ध्वनिमुद्रणातच उरतील, आणि त्यांतून काही शिकावयाचे तर ते ध्वनिमुद्रण नीट वाचणारा कोणीतरी हवा. ते काम बीडच्या बोलीत वाढलेल्या विद्यार्थ्याइतके कोण चांगले करील?

अर्जाचा गाभा : एक चांगला प्रश्न

पीएच.डी.चा अर्ज म्हणजे नोकरीचा अर्ज नव्हे. निवड समिती गुणपत्रक पाहते, परंतु तिला मुख्यतः एकच गोष्ट जाणून घ्यावयाची असते. या उमेदवाराजवळ तीन ते पाच वर्षे पुरेल असा प्रश्न आहे काय, आणि तो सोडवण्याची त्याची तयारी आहे काय? ‘कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने भारतीय संगीताचे जतन करणे ही माझी तीव्र इच्छा आहे’ असे वाक्य ऐकावयास चांगले वाटते, पण त्यात प्रश्न नाही. त्यामुळे समितीच्या हाती काही लागत नाही.

वरील ओव्यांचेच उदाहरण घेऊ. शास्त्रीय मैफलीच्या ध्वनिमुद्रणात तानपुरा असतो. त्यावरून संगणक ‘सा’ ओळखतो आणि बाकीचे स्वर त्यावरून मोजतो. ओवी गाणाऱ्या बाईजवळ तानपुरा नसतो, असते ती जात्याची घरघर. एकीने ओळ म्हणावी आणि दुसरीने ती उचलावी, असेही घडते. शिवाय यंत्रे शिकतात ती प्रचंड संग्रहांवर. २०२३ मध्ये गूगलने जाहीर केलेली ‘म्युझिकएलएम’ ही संगीत तयार करणारी प्रणाली २ लाख ८० हजार तासांच्या संगीतावर शिकवलेली होती. आपल्या ओव्यांचा संग्रह त्यापुढे अगदी लहान आहे. येथे खरे प्रश्न उभे राहतात :

१. घरघर आणि आवाज एकत्र असताना, साथीच्या ‘सा’वाचून, ओवीची चाल संगणकाला कशी शोधता येईल?

२. थोड्या नमुन्यांवर शिकलेली प्रणाली एकच चाल दोन गावांत कशी बदलते हे दाखवू शकेल काय?

३. तिने ‘ही चाल तीच आहे’ असे सांगितले, तर ते बरोबर की चूक हे कोण ठरवील? येथे गाणाऱ्या स्त्रियांचाच निवाडा घ्यावा लागेल. तो कसा घ्यावा, हेही आराखड्यात लिहावे लागेल.

असे दोन-तीन प्रश्न, त्यांवर पूर्वी कोणी काय काम केले त्याचा थोडक्यात आढावा, आपण कोणती सामग्री वापरणार, निष्कर्ष कसा तपासणार आणि वर्षवार काय करणार, एवढे दोन ते चार पानांत मांडले की संशोधन आराखडा होतो. ओव्यांऐवजी भजनी मंडळातील पखवाज, भारूड, पोवाडा किंवा आपल्या मराठी ख्रिस्ती गीतांच्या चाली असा विषयही घेता येईल. विषय जवळचा असावा, कारण तो प्रश्न पडणारे दुसरे कोणी नसते.

तयारी कशी करावी?

या क्षेत्राला दोन दरवाजे आहेत. अभियांत्रिकी, संगणक, गणित अथवा भौतिकशास्त्राचा विद्यार्थी एका बाजूने येतो, तर संगीताचा पदवीधर दुसऱ्या बाजूने. पहिल्याने संगीताचे रीतसर शिक्षण दाखवावे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा, गुरूकडील तालीम किंवा गायकवृंदातील अनेक वर्षांची साथसंगत यांचा अर्जात स्पष्ट उल्लेख करावा. त्याला कोणी कमी लेखत नाही. दुसऱ्याने संभाव्यता, रेषीय बीजगणित आणि ‘पायथन’ ही संगणकभाषा शिकून घ्यावी. शासनाच्या ‘स्वयम्’ व ‘एनपीटीईएल’ या व्यासपीठांवर हे अभ्यासक्रम विनामूल्य पाहता येतात. बार्सिलोनाचे प्रा. झेव्हियर सेरा आणि स्टॅनफर्डचे प्रा. ज्युलियस स्मिथ यांचा संगीतातील ध्वनिप्रक्रियेवरचा अभ्यासक्रमही ‘कोर्सेरा’वर आहे.

त्यानंतर एक छोटे काम स्वतः पूर्ण करावे. उदाहरणार्थ, ‘लिब्रोसा’ अथवा ‘एसेन्शिया’ या मोफत संगणकसाधनांच्या आधारे दहा ध्वनिमुद्रणांतील स्वरांचे आलेख काढावेत. ते कोठे बरोबर आले व कोठे चुकले हे चार पानांत लिहावे. कोठे चुकले हे प्रामाणिकपणे सांगणारी चार पाने दहा प्रमाणपत्रांहून अधिक उपयोगी पडतात, कारण त्यांतून उमेदवाराची विचार करण्याची रीत दिसते.

शिफारसपत्रे दोन किंवा तीन लागतात. ती प्रतिष्ठित व्यक्तीकडून न घेता आपले काम जवळून पाहिलेल्या प्राध्यापकाकडून घ्यावीत. फादरांनी किंवा लोकप्रतिनिधीने दिलेले चारित्र्याचे प्रशस्तिपत्र येथे कामाचे नसते. आपल्या गुरुजनांना निदान सहा आठवडे आधी विनंती करावी आणि सोबत आपला आराखडा द्यावा.

भारतातील वाट

आपल्या राज्यात मुंबईच्या आयआयटीमध्ये विद्युत अभियांत्रिकी विभागात प्रा. प्रीती राव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हिंदुस्थानी संगीतातील स्वर शोधण्यावर अनेक वर्षे संशोधन केले आहे. मद्रास आयआयटीमध्ये प्रा. हेमा मूर्ती यांनी कर्नाटक संगीतावर असेच काम केले. अर्जापूर्वी त्या त्या विभागात सध्या कोण विद्यार्थी घेत आहे हे संकेतस्थळावर पाहून घ्यावे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के, अथवा चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के गुण असल्यास पीएच.डी.साठी अर्ज करता येतो. मागास प्रवर्गांस, आर्थिक दुर्बल घटकांस व दिव्यांगांस ५ टक्के सवलत आहे. अभ्यासाचा किमान कालावधी तीन वर्षे व सर्वसाधारण कमाल मर्यादा सहा वर्षे आहे. अभियांत्रिकी विभागांसाठी ‘गेट’ परीक्षा द्यावी. तिचा गुणांक तीन वर्षे चालतो. ‘नेट’ परीक्षा संगणकशास्त्रातही आहे आणि संगीतातही. तिच्यातून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाल्यास १ जानेवारी २०२३ पासूनच्या दरानुसार पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये व त्यानंतर ४२,००० रुपये मिळतात. आईवडिलांवर भार न टाकता शिकण्याचा हा राजमार्ग होय.

परदेशातील वाट

लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात २००१ पासून डिजिटल संगीताचे केंद्र आहे. तेथेच २०१९ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्ता आणि संगीत याच नावाचा पीएच.डी. कार्यक्रम सुरू झाला. बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठातील संगीत तंत्रज्ञान गटाने २०११ ते २०१७ या काळात ‘कॉम्पम्युझिक’ हा प्रकल्प चालवला. त्यात हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीताचाही अभ्यास होता, आणि भारतातून गेलेल्या अनेक विद्यार्थ्यांनी त्यातून पीएच.डी. मिळवली. अमेरिकेत स्टॅनफर्ड आणि जॉर्जिया टेक येथे या विषयाची केंद्रे आहेत.

अमेरिकेतील अर्ज बहुधा डिसेंबरमध्ये संपतात आणि अभ्यास सुमारे पाच वर्षांचा असतो. तेथे पीएच.डी.च्या विद्यार्थ्यास सामान्यतः शुल्कमाफी व विद्यावेतन मिळते. ब्रिटन व युरोपात कालावधी तीन ते चार वर्षांचा असतो. तेथे अनेकदा विशिष्ट प्रकल्पासाठी जागेची जाहिरात येते. अर्ज करण्यापूर्वी त्या प्राध्यापकांना एक छोटे पत्र पाठवावे. त्यांचा एखादा शोधनिबंध वाचल्याचे, आपल्याला त्यातून कोणता प्रश्न सुचला त्याचे आणि आपण काय केले आहे याचे त्यात चार-पाच वाक्यांत निवेदन असावे. एकच मजकूर पन्नास जणांना पाठवल्यास उत्तर येत नाही. इंग्रजीची आयईएलटीएस किंवा टोफेल परीक्षा द्यावी लागते. मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी तिची धास्ती घेऊ नये, मात्र सहा महिने सराव करावा.

शिष्यवृत्ती आणि दाखले

येथे आपल्या समाजास विशेष काळजी घ्यावी लागते. अनुसूचित जातींसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. परंतु १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार, व त्यातील १९५६ आणि १९९० च्या दुरुस्त्यांनंतर, हा दर्जा हिंदू, शीख व बौद्ध धर्मीयांपुरता आहे. महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांचा समावेश इतर मागास वर्गात होतो. म्हणून आपल्या विद्यार्थ्यांनी इतर मागास वर्गासाठीची राज्याची परदेश शिष्यवृत्ती आणि अल्पसंख्याक विकास विभागाची परदेश शिष्यवृत्ती या दोन योजनांच्या जाहिराती पाहाव्यात. चुकीच्या प्रवर्गातून केलेला अर्ज बाद होतो आणि वर्ष वाया जाते. अल्पसंख्याक संशोधकांना दिली जाणारी केंद्राची मौलाना आझाद राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती २०२२-२३ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद झाली आहे. जुन्या पुस्तिकांत तिचे नाव अजूनही दिसते, तिच्यावर विसंबू नये. ब्रिटनसाठीची राष्ट्रकुल शिष्यवृत्ती आणि युरोपातील मारी क्युरी योजनेच्या जागा यांना मात्र अशी धर्म-जातीची अट नाही.

दाखल्यांच्या वेळेचाही विचार करावा. आपल्या जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. परदेशी विद्यापीठांच्या बहुतेक मुदती नेमक्या त्याच काळात, डिसेंबर-जानेवारीत येतात. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्र आणि पारपत्र यांसाठी वडिलांची सही किंवा मूळ कागद हवे असतात. वडील मात्र त्या वेळी दूरच्या कारखान्यावर कोपीत असतात. म्हणून ज्या घरात असा विद्यार्थी आहे त्या घराने सर्व कागद दसऱ्यापूर्वी काढून ठेवावेत. केंद्रीय संस्थांसाठी इतर मागास वर्गाचा दाखला वेगळ्या नमुन्यात लागतो, हेही तहसील कार्यालयात आधीच विचारून घ्यावे.

दोन सावधगिरीच्या गोष्टी

पहिली गोष्ट पैशाची. हमखास प्रवेशाचे आश्वासन देऊन मोठी रक्कम मागणाऱ्या मध्यस्थापासून दूर राहावे. पीएच.डी.चा प्रवेश विकत मिळत नाही. विद्यावेतन नसलेल्या जागेसाठी शेत गहाण ठेवून कर्ज काढणे आम्हांस योग्य वाटत नाही. अशा वेळी एक वर्ष थांबून पुन्हा अर्ज करावा. पहिल्या प्रयत्नात नकार येणे ही या मार्गावरची नेहमीची बाब आहे.

दुसरी गोष्ट न्यायाची. यंत्राला शिकवण्यासाठी दुसऱ्यांचे गाणे वापरले जाते. ते कोणाचे आणि कोणाच्या संमतीने, हा आज जगभर वादाचा विषय आहे. जून २०२४ मध्ये मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनी अमेरिकेत सुनो आणि उडिओ या संगीत बनवणाऱ्या दोन कंपन्यांवर याच कारणावरून दावे दाखल केले. कंपन्यांजवळ वकील असतात, ओवी गाणाऱ्या आजीजवळ ते नसतात. तिचा आवाज घेताना त्याचा उपयोग कशासाठी होणार हे तिच्या भाषेत सांगणे, तिने नाही म्हटले तर थांबणे आणि निष्कर्ष तिला परत नेऊन ऐकवणे, ही संशोधकाची जबाबदारी होय. जानेवारी २०२५ मध्ये व्हॅटिकनने प्रसिद्ध केलेल्या ‘अंतिक्वा एत नोव्हा’ या टिपणातही कृत्रिम बुद्धिमत्ता मानवी प्रतिष्ठेच्या सेवेत असावी यावर भर दिला आहे. विद्यापीठांच्या नैतिकता समित्याही हेच विचारतात. आराखड्यात याचे उत्तर लिहिणारा अर्ज अधिक भक्कम ठरतो.

आता काय करावे?

पदवीच्या शेवटच्या वर्षात असलेल्यांनी या उन्हाळ्यात एक प्रश्न निवडून चार पाने लिहावीत. जून ते सप्टेंबरमध्ये प्राध्यापकांशी पत्रव्यवहार, ‘गेट’ची नोंदणी आणि दाखले पूर्ण करावेत. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आराखडा व शिफारसपत्रे तयार ठेवावीत आणि मुदतीच्या निदान आठवडाभर आधी अर्ज भरावा, कारण शेवटच्या रात्री वीज आणि इंटरनेट दोन्ही दगा देतात. पालकांनी मुलीच्या बाबतीतही हाच विचार करावा. जात्यावरची ओवी स्त्रियांनी रचली व सांभाळली, आणि वयस्क स्त्रियांशी बसून ती समजून घेण्याचे काम एखादी तरुणी अधिक सहजपणे करू शकेल.

धर्मग्रामांच्या युवा मंडळांनी हा लेख गायकवृंदातील मुला-मुलींना वाचून दाखवावा आणि आपल्यातील जे विद्यार्थी पीएच.डी. करीत आहेत त्यांची एक सभा दसऱ्यापूर्वी घ्यावी, अशी आमची विनंती आहे. अर्ज कसा असतो हे एकदा डोळ्यांनी पाहिले की तो भरण्याचे धैर्य येते.